डिस्क बदलण्याआधी चाक काढा आणि मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी 2017 ची हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, चालली 68 हजार किलोमीटर. राहणं चिपळूणला, महिन्यातून दोन-तीन वेळा कुंभार्ली घाट चढून कराडला येणं. 70-80 च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. पावसाळ्यात सकाळी गाडी काढताना चाकातून खरखर येते. वर्कशॉपवाल्याने गाडी लिफ्टवर घेऊन पाच मिनिटांत सांगितलं, "पुढच्या डिस्क, पॅड, मागचे ड्रम, लायनर, सगळं संपलंय," आणि साडेअठरा हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. (पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबतात, लायनर ड्रमला आतून घासतात.) दीड वर्षापूर्वी, 50 हजारांवर, पुढच्या डिस्क आणि पॅड एकदा बदलून झालेत. तेव्हा थरथर गेली होती, पाच-सहा महिन्यांनी परत आली.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सोन्यासारखं वाक्य शेवटचं आहे. थरथर गेली आणि सहा महिन्यांनी परत आली. डिस्कच खराब निघाली असती तर पहिल्या दिवसापासून त्रास झाला असता. पॅड संपत आले असते तर बहुधा आवाज आला असता, थरथर नव्हे. काही हजार किलोमीटरनंतर हळूहळू परत येणारी थरथर म्हणजे बहुधा नवी डिस्क वाकडी बसवली गेली. बहुतेक वेळा तिच्यामागच्या हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, गंज असतो. मी कराडला सव्वीस वर्षं ब्रेकची कामं करतोय, कोकणातून घाट चढून येणाऱ्या गाड्यांत हा प्रकार इतका पाहिलाय की आता डिस्क उतरवली की आधी हबच बघतो.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच लोकांचे पैसे दोनदा जातात. डिस्क बिडाची असते आणि हबच्या सपाट तोंडावर टेकून बसते. त्या तोंडावर गंजाचा एक पापुद्रा राहिला, अगदी नखाने निघेल एवढा, तरी डिस्क एका बाजूने उचलली जाते. हबजवळ जेवढी उचलली, त्याच्या जवळपास दुप्पट ती बाहेरच्या काठाला डोलते, कारण काठ तेवढा लांब आहे. डोलणारी डिस्क ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी पॅडला चाटून जाते. चाटून चाटून ती जागा झिजते आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. जाडीत दोन शतांश मिलिमीटरचा, म्हणजे 0.02 चा फरक पडला तरी स्टिअरिंगवर हाताला कळतं. केसाच्या जाडीपेक्षा कमी. डोळ्याने तो कुणालाच दिसणार नाही, वर्कशॉपवाल्याला नाही आणि मलाही नाही. म्हणून "डिस्क वाकलीय, दिसतेय ना" असं कुणी लिफ्टखाली उभं राहून म्हणालं की मी गप्प बसतो. तापून खरोखर वाकलेल्या डिस्क मी सव्वीस वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या पाहिल्यात.

मागे एक टॅक्सीवाला आला होता, गुहागर-कराड अशी गाडी चालवायचा. एका वर्षात डिस्कचे दोन जोड घातले होते आणि तिसरा जोड पिशवीत घेऊनच आला. म्हटलं पिशवी बाजूला ठेव. डाव्या चाकाची डिस्क नटांनी हबवर आवळली, डायल गेज, म्हणजे बारीक डोल काट्यावर दाखवणारं यंत्र, लावला, डिस्क हाताने फिरवली. काटा 0.12 मिलिमीटरवर गेला. बहुतेक गाड्यांना 0.05 ते 0.10 च्या आतच चालतं. डिस्क काढली, हबवर तपकिरी खपल्या, स्टडच्या, म्हणजे चाकाच्या बोल्टच्या, मुळाशी तर गंजाची चकतीच साचलेली. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, पंधरा मिनिटांचं काम. डिस्कचा आतला चेहराही साफ केला. तीच डिस्क परत चढवली, काटा 0.03. जाडी जागोजाग मोजली तर ती मात्र आधीच कमीजास्त झालेली होती, त्यामुळे शेवटी पिशवीतला जोड घालावाच लागला. पण त्यानंतर तो गडी थरथरीची तक्रार घेऊन आला नाही, ऑईल बदलायला येतो.

आता तुम्ही घरच्या घरी काय बघू शकता ते सांगतो.

सगळ्यात आधी थरथर पुढची की मागची हे ठरवा. हात थरथरत असतील तर पुढची चाकं. स्टिअरिंग शांत आणि सीट किंवा पायाखालचा पेडल धपधपत असेल तर संशय मागच्या ड्रमवर. रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, 40 च्या वेगात हँडब्रेक अगदी हलका ओढा, बटण दाबून धरूनच, म्हणजे लगेच सोडता येईल. गाडी लाटेवर चालल्यासारखी हलली तर मागचा ड्रम अंडाकृती झालाय. सुरळीत थांबायला लागली तर ड्रमला दोष देऊ नका. ज्या गाड्यांना हँडब्रेकऐवजी नुसतं बटण असतं त्यांच्यावर हा प्रयोग करायचा नाही. आणि ब्रेक न दाबताच 90-100 ला स्टिअरिंग नाचत असेल तर तो चाकांच्या बॅलन्सिंगचा विषय, ब्रेकचा नाही. जोरात ब्रेक मारल्यावर ओल्या रस्त्यावर पेडल पायाखाली कडकड मागे ढकलतो ते एबीएसचं, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम आहे. तो दोष समजून माझ्याकडे गाडी घेऊन आलेले चार-पाच जण तरी झाले असतील.

सकाळच्या खरखरीचं उत्तर सोपं आहे. बिडावर रात्रीत गंज चढतो, चिपळूणच्या पावसाळ्यात तर चार तासांत चढतो. पहिल्या तीन-चार ब्रेकमध्ये पॅड तो पुसून टाकतात. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला तर त्यावर एक रुपया खर्च करू नका. पण आवाजांमध्ये फरक असतो. चाक फिरताना बारीक, तीक्ष्ण चिरचिर येते आणि ब्रेक दाबला की बऱ्याचदा थांबते, ती पॅडच्या पट्टीची. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की त्याला लावलेली पत्र्याची जीभ डिस्कला टेकते आणि ओरडते, ती त्यासाठीच लावलेली असते. ही जीभ सगळ्याच पॅडना नसते, स्वस्तातल्या पॅडना तर हमखास नसते, म्हणून आवाज नाही म्हणजे पॅड आहे असं धरू नका. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी कर्कश घरघर आली तर मात्र विषय संपला, पॅडची प्लेट डिस्क कुरतडतेय, गाडी तिथून जवळच्या गॅरेजपर्यंतच न्यायची. आणि अचानक, खडीच्या रस्त्यावरून आल्याबरोबर किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला, ब्रेक दाबा नाहीतर नका दाबू, तर डिस्क आणि मागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये खडा अडकलाय. गाडी थोडी मागे घेतली की कधी कधी आपोआप पडतो. रस्त्याच्या चौपदरीकरणाच्या दिवसांत माझ्याकडे दर आठवड्याला असा एक खडा निघायचा.

आता मोजणं. जॅक लावा, पण नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड किंवा निदान काढलेलं चाक आडवं घाला. पुढचं चाक काढलं की पॅड धरून दाबणाऱ्या कॅलिपरच्या खिडकीतून दोन्ही पॅड दिसतात. नव्या पॅडचं मटेरियल साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतं, 3 वर आलं की बदलायचं. इथे एक गफलत होते: पॅडच्या मागची लोखंडी प्लेटच 5-6 मिलिमीटर असते. ती धरून मोजलं तर संपलेला पॅडही अर्धा शिल्लक वाटतो. वर्कशॉपच्या कागदावर "पॅड 40 टक्के" लिहिलेलं असतं ना, ते कशाचे 40 टक्के हे विचारा. मिलिमीटर सांगा म्हणावं.

तुम्ही अलॉय व्हीलमधून डोकावून बाहेरचा पॅड 7-8 मिलिमीटर आहे असं लिहिलंय. 11 वरून 18 हजार किलोमीटरमध्ये 7.5 वर आला असेल तर साडेतीन मिलिमीटर गेला. त्याच हिशोबाने 3 वर यायला अजून 20 हजारांच्या पुढे चालेल, घाटाचं धरून थोडं कमी. म्हणजे "पॅड संपले" हे त्या पॅडला तरी लागू नाही. पण थांबा. तुम्ही बघितलात तो बाहेरचा. आतला पॅड चाक काढल्याशिवाय धड दिसत नाही आणि दगा तोच देतो.

आपल्या लहान गाड्यांचा कॅलिपर एकाच बाजूने, आतून दाबतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो, त्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला लावतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. बाहेरून बघणाऱ्याला पॅड ठणठणीत, आतला प्लेटपर्यंत. धंद्याला लागलो त्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः यात फसलोय. एका शिक्षकांच्या गाडीचे आतले पॅड संपले होते, मी नवा सेट टाकला, हात धुतले, पैसे घेतले. पिना हाताने सरकवूनसुद्धा बघितल्या नाहीत. चार महिन्यांनी गुरुजी परत, आतला पॅड परत प्लेटवर, या वेळी डिस्कसुद्धा खाल्लेली. डिस्कचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. त्या दिवसापासून कुठल्याही गाडीचे पॅड काढले की जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि चारही पॅड जागेप्रमाणे मांडायचे: डावा आत, डावा बाहेर, उजवा आत, उजवा बाहेर. माझ्या गॅरेजमधल्या पोरांना ताकीद आहे, पॅड भंगारच्या डब्यात गेला तर दिवसाचा चहा बंद.

मांडलेले चार पॅड वाचता येतात. आत-बाहेर मिलिमीटर-दीडचा फरक असला तर मी काही म्हणत नाही. दोनच्या वर गेला आणि आतला झिजलेला असेल तर पिना किंवा पिस्टन. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर दाबल्यावर मागे परतत नाही, पुन्हा पिनाच बघायच्या. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर दोनपैकी एक पिन अडकलीय. डावे दोन्ही जाड आणि उजवे दोन्ही पातळ असले तर उजव्या बाजूचा पिस्टन सुटत नाही, नाहीतर डावी बाजू कामच करत नाही. पॅडच्या तोंडावर काच फिरवल्यासारखी चमक असेल तर तो भाजलाय. कडा तुकड्या-तुकड्याने तुटल्या असतील तर पॅडची जातच हलकी, ब्रँडच्या डब्यात आला असला तरी. खोट्या डब्यांचा धंदा जोरात आहे, पुढचं सांगायला नको.

पिस्टन किंवा पिन अडकलीय का याची दुसरी परीक्षा म्हणजे ऊब. घाट नसलेल्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक फार न वापरता गाडी थांबवा, आणि चाकांच्या जवळ हात न्या. चिकटवू नका, भाजेल. एक चाक दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा ठळकपणे गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये. मग गॅरेजवाल्याने चाक उचलून, जाम असताना, कॅलिपरचा निप्पल, म्हणजे ब्रेक ऑईल बाहेर सोडायची छोटी टोटी, किंचित सैल करावा. थेंबभर ऑईल उडालं आणि चाक मोकळं झालं तर कॅलिपर निर्दोष, आतून फुगलेली रबरी नळी दाब धरून ठेवतेय. नाही सुटलं तर पिस्टन नाहीतर पिना. ही दोन मिनिटांची परीक्षा न करता कॅलिपर बदलून देणारे मी पाहिलेत, आणि जुनी नळी तशीच.

आता डिस्क. बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, काठावर किंवा मधल्या टोपीवर. गंज पुसला की दिसतो. उदाहरणार्थ नवी 20 मिलिमीटरची डिस्क असेल तर तिथे 18 असं काहीतरी असेल. तुमच्या डिस्कवर जो आकडा आहे तोच कायदा, माझा किंवा वर्कशॉपचा नाही. मोजताना साधा व्हर्निअर थेट लावला तर फसाल, कारण पॅड काठापर्यंत पोचत नाहीत आणि काठाला न झिजलेली कड उभी राहते. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर बसतात आणि झिजलेली डिस्क जाड दाखवतात. मायक्रोमीटर नसेल तर दोन सपाट वॉशर घ्या, डिस्कच्या घासलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी एकेक धरा, त्यांच्यासकट मोजा आणि वॉशरांची जाडी वजा करा. काठापासून सेंटिमीटरभर आत, सहा-आठ ठिकाणी. झीज किती हे यातून कळेल. 0.02 चा तो जागोजागचा फरक मात्र व्हर्निअरला सापडत नाही, त्याला मायक्रोमीटरच लागतो.

पृष्ठभागावरच्या रेघांना लोक उगीच घाबरतात. नख फिरवून थोडं अडकलं तरी जाडी किमानच्या वर असेल तर त्या डिस्कवर नवे पॅड बसतात, आठवडाभरात जुळून येतात. निळसर डाग म्हणजे डिस्क कधीतरी जबर तापलीय. काळपट ठसे, विशेषतः पॅडच्या आकाराचे, म्हणजे पॅडचं मटेरियल तिथे चिकटलंय, आणि त्यानेही थेट थरथर येते. हे ठसे कसे पडतात सांगू? तुम्ही कुंभार्ली उतरून शिरगाव-पोफळीला चहाला थांबता, डिस्क तापून लाल व्हायच्या बेतात, आणि गाडी उभी करून पाय ब्रेकवर दाबून बसता. पॅड एकाच जागी भाजून चिकटतो. घाट उतरल्यावर एक-दोन किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालू द्या, मग थांबा, आणि थांबल्यावर गिअर टाकून पाय काढा. केसासारख्या बारीक, वरवरच्या भेगा चालतात. काठापर्यंत पोचलेली एक भेग मात्र चालत नाही, ती डिस्क त्याच दिवशी उतरवायची.

लेथवर टर्निंग मारून, म्हणजे डिस्क तासून सपाट करून, घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. मी सहसा नाही म्हणतो. जाडी आणखी कमी होते, आणि हबवरचा गंज तसाच असेल तर सरळ झालेली डिस्क परत वाकडीच बसते.

घाटाचा विषय निघालाच आहे तर एक फरक लक्षात ठेवा, जीव वाचवणारा आहे. उतारावर पेडल कडक लागतोय, पाय जोर लावतोय, पण गाडी धरत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापून हरलेत. पेडल मऊ होऊन स्पंजासारखा खाली जातोय, तर ब्रेक ऑईलला उकळी फुटलीय आणि नळीत वाफ झालीय. ताजं डॉट 3 प्रतीचं ब्रेक ऑईल 205 अंशांना उकळतं, ओलावा प्यायलेलं 140 पर्यंत खाली येतं. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. ऑईल हवेतला ओलावा शोषतं आणि तुमच्याकडच्या हवेला ओलाव्याची काय कमतरता! दोन वर्षांनी बदलाच, किलोमीटर किती झाले ते बघू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या कोणत्याही बाबतीत उपाय एकच, खालचा गिअर, बाजूला घेऊन अर्धा तास थांबणं. चाकांवर पाणी ओतायचं नाही.

आणि ऑईलची पातळी थोडी उतरली म्हणून टॉप-अप करू नका. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी आपोआप उतरते. घाटातल्या वळणावर डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला की मी आधी पॅड बघतो. पॅड भरपूर असून पातळी उतरली असेल तर मात्र गळती आहे, मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघायचं, ओलं दिसेल.

मागचे ड्रम-लायनर बदला म्हणतात त्याबद्दल: या गाड्यांचे मागचे लायनर लाखभर किलोमीटर सहज जातात. ड्रम काढून लायनरची जाडी दाखवा म्हणा, ड्रमच्या आत जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, तो मोजून दाखवा म्हणा. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, तुमच्याच नाकात जाते. पाण्याने धुवायची.

तर तुमच्या बाबतीत मी हे करीन: दोन्ही पुढची चाकं काढून डायल गेजने डोल मोजायचा, डिस्क काढून हब साफ करून परत मोजायचा, मायक्रोमीटरने जाडी बघायची, पिना काढून धुऊन सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं चेसिसचं ग्रीस नको, त्याने पिनांची रबरं फुगतात आणि चार महिन्यांत जैसे थे. दोन पिनांपैकी एकीला रबरी बुश असेल तर ती वरची की खालची हे काढतानाच खूण करून ठेवा. जाडीत फरक निघालाच तर डिस्क जोडीने बदलाव्या लागतील आणि त्यांच्याबरोबर नवे पॅडही. मागच्या ड्रमना मी मोजल्याशिवाय हात लावणार नाही. चाक चढवताना नट आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्क पान्याने. लहान गाड्यांना 85 ते 110 न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, तुमचा आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. पंक्चरवाला हवेच्या गनने एका दमात आवळतो तेव्हाही डिस्क वाकडी दाबली जाते, त्याला गन बाजूला ठेवायला सांगा.

नवे पॅड घातले तर निर्जन रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं थंड होऊ देत. पण त्याच्याही आधी, चाकं लावल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पेडल दहा-बारा वेळा पंप करा. मागे ढकललेले पिस्टन पुढे आलेले नसतात, पहिल्या ब्रेकला पेडल थेट खाली टेकतो, आणि आमच्या गॅरेजच्या शटरवर मधोमध जो पोचा आहे तो असाच पडलेला आहे.